चिठ्ठी आणणाऱ्याचा अर्ज बाद

किशोरशेठनी एक फुगा माझ्या टेबलावर टाकला. लाल, मोठ्या साइजचा, आमच्याच फॅक्टरीतला. म्हणाले, "रजनीबेन, फुगवा." मी फुगवला. "आता गाठ मारा आणि हातात धरून बसा." मी बसले. शेठ समोरच्या खुर्चीत मोबाइल बघत राहिले. मला वाटलं, आज यांना काय झालंय? पण पाचेक मिनिटांत फुगा निम्मा झाला, आणि चहा येईपर्यंत त्याचं पार चिपाड झालं.

"असे सहा कार्टन परत आले," शेठ म्हणाले. "सगळ्यांवर आपल्या माणसाचा ओकेचा शिक्का आहे."

आपला माणूस म्हणजे आमचा क्वालिटी चेकर. तो एका पुढाऱ्याच्या चिठ्ठीवर आला होता, आणि त्याच्या अपॉइंटमेंट लेटरवर शेठच्या खाली सही माझीही होती. तो खुर्चीत बसून नुसते शिक्के मारायचा. फुगा फुगवून बघायचा त्याला कंटाळा यायचा. वशिल्याचं तट्टू, दुसरं काय! शेठनी त्याला काढलं आणि मला सांगितलं, नवीन माणूस पंधरा दिवसांत पाहिजे, आणि या वेळी काम करणारा पाहिजे.

ही सोळा सालची गोष्ट. डहाणूहून आशागडकडे जाताना आमची फुग्यांची फॅक्टरी लागते. मी तिथली पर्सोनेल ऑफिसर. नंतर त्याला एचआर म्हणायला लागले, पण टेबल तेच राहिलं आणि पंखाही तोच. माणसं घेणं, हजेरी, रजा, भांडणं, सगळं माझ्याकडे. मी मूळची समुद्रकाठच्या झाईची. माझी आई डोक्यावर पाटी घेऊन मासे विकायची. तिचं तोंड मला वारशाने मिळालंय, असं आमच्या घरात सगळेच म्हणतात.

फुगा कसा बनतो ते थोडक्यात सांगते. फुग्याच्या आकाराचे साचे एका फळीवर ओळीने लावलेले असतात. ते रबराच्या पातळ रसात बुडवायचे. त्या रसाला लॅटेक्स म्हणतात. मग भट्टीत सुकवायचे, तोंडाची कडा गुंडाळायची आणि साच्यावरून फुगा ओढून काढायचा. रसात हवेचा एक बुडबुडा राहिला की तिथे सुईच्या टोकाएवढं भोक पडतं. त्याला पिनहोल म्हणतात. ते डोळ्यांना दिसत नाही. फुगा फुगतो, आणि वाढदिवसाचा केक कापेपर्यंत खाली बसतो. असा फुगा पॅक व्हायच्या आधी पकडणं हे चेकरचं काम. आमच्याकडे ही एकच जागा पर्मनंट होती. पीएफ, ईएसआय, दिवाळीचा बोनस, सगळं. बाकी बायका कंत्राटावर. म्हणून त्या एका जागेवर अख्ख्या तालुक्याचा डोळा असायचा.

आमच्या भागात नोकरी मागायला कोणी रिकाम्या हाताने येत नाही. चिठ्ठी घेऊन येतात. सरपंचाची, पुढाऱ्याची, शेठच्या भाच्याची, देवळाच्या ट्रस्टीची. या वेळी जाहिरात लागायच्या आधीच माझ्या ट्रेमध्ये अकरा चिठ्ठ्या जमल्या होत्या. सहा कार्टन परत आल्यापासून मी तापलेलीच होते. जाहिरात लावली त्याच दुपारी मी गेटवर मोठ्या अक्षरांत नोटीस लावली: "शिफारसपत्र आणणाऱ्याचा अर्ज बाद करण्यात येईल." खाली सही केली, शिक्का मारला आणि चार पावलं मागे जाऊन वाचून पाहिली. खोटं कशाला सांगू, छाती फुगली होती माझी. वीस वर्षांत जे कोणाला जमलं नाही ते मी एका कागदात केलं असं मला वाटत होतं.

परीक्षेला नऊ मुली आल्या. परीक्षा घ्यायला मी आणि आमचे सुपरवायझर विलासदादा. लॅटेक्सच्या टाकीवर त्यांची वीस वर्षं गेलेली. नुसता वास घेऊन रस बिघडला की नाही ते सांगतील, असा माणूस. कँटीनच्या शेडमध्ये टेबलं मांडली. प्रत्येकीला शंभर फुगे दिले. त्यांत मी वीस खराब मिसळले होते आणि त्यांच्या तोंडाच्या आतल्या बाजूला बारीक खूण केली होती. टेबलाखाली पेडल असतं. ते पायाने दाबलं की नळीतून हवा येते. एका तासात खराब फुगे वेगळे काढायचे, एवढंच.

विलासदादांची सख्खी पुतणी प्रियंकाही त्या नऊ जणींत होती. बारावी पास, नीटनेटकी, बोलायला चटपटीत. दादांनी मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं, "मॅडम, माझी पुतणी बसतेय. पण चिठ्ठीबिठ्ठी काय नाय हां. तुमचा नियम म्हणजे नियम." मला ते फार आवडलं होतं.

तलासरीकडच्या एका पाड्यावरून संगीता नावाची मुलगी आली होती. तिला पेडल माहीत नव्हतं. तिने हात वर करून विचारलं, हवा कुठून येते. दोघी-तिघी हसल्या. मी दाखवल्यावर तिने काम सुरू केलं. बाकीच्या मुली फुगा फुगवून डोळ्यांसमोर धरत होत्या. ही फुगवायची आणि गालाला लावून हळूहळू फिरवायची.

विलासदादांनी तिची थट्टा केली. "अगं, फुगा तपासायचाय, त्याचे लाड नाय करायचे."

ती म्हणाली, "दादा, हवा गालाला लवकर समजते. बाबांचं पंक्चरचं दुकान आहे. उन्हाळ्यात टपात पाणी नसलं की ट्यूब आम्ही अशीच बघतो."

तासाभराने मी मोजायला बसले. कोणी अकरा काढले होते, कोणी चौदा. प्रियंकाने सतरा काढले. संगीताने चोवीस. मला वाटलं, या मुलीने घाबरून चांगलेही काढले. मी ते जास्तीचे चार फुगवून खिडकीत ठेवले. चहा पिऊन येईपर्यंत चारही मऊ पडले होते. म्हणजे मी चांगले समजून मिसळलेल्यांत चार खराब होते, आणि ते या मुलीला कळले, मला कळले नाहीत. मनात म्हटलं, मिळाली. पंधरा दिवस कशाला, एका दिवसात मिळाली.

मी सगळ्यांना सांगितलं, निकाल उद्या. मुली उठायला लागल्या. संगीता माझ्या टेबलापाशी आली, पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक घडीचा कागद काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. "मॅडम, आमच्या काकांनी चिठ्ठी दिली आहे."

विलासदादा खाकरले. आठ मुली माझ्याकडे बघत होत्या. त्या सगळ्यांनी गेटवरची नोटीस वाचली होती.

मी संगीताला विचारलं, नोटीस वाचली नाहीस का? ती म्हणाली, वाचली. मग? तर म्हणाली, "शिफारस मोठ्या माणसाची असते ना? हे आमचे पाड्यातले काका आहेत."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मला वाटलं, पोरगी वर तोंड करून मला शिकवतेय. आईचं तोंड मिळालंय म्हटलं ना, ते तिथे सुटलं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, लहान असो की मोठा, चिठ्ठी ती चिठ्ठी, तुम्हा लोकांना सवयच लागली आहे, आपल्या हातावर भरवसा नाही का तुमचा? असं बरंच काही. आणि तिच्या नावावर लाल पेनाने रेघ मारली. ती "बरं मॅडम" म्हणाली, चपला घातल्या आणि गेली. कागद टेबलावरच राहिला, तो मी बाकीच्या कागदांबरोबर ट्रेमध्ये टाकला. तो उघडून बघायचीही मला गरज वाटली नाही. संध्याकाळी मी प्रियंकाचं लेटर टाइप केलं आणि शेठच्या सहीसाठी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लखमीमावशी ऑफिस झाडायला आली. ती बारा वर्षं आमच्याकडे होती आणि माझ्याशी कामापुरतंच बोलायची. त्या दिवशी झाडू कोपऱ्यात ठेवून दारातच उभी राहिली.

"मॅडम, संगीतानं काय चोरलं काय?"

मी म्हटलं, हे काय भलतंच?

ती म्हणाली, "आमच्या पाड्यातली पोर आहे. रडत घरी गेली. लोक बोलतात, फॅक्टरीत सगळ्यांसमोर नाव खोडलं, म्हणजे काय तरी केलं असंल. नायतर नाव कशाला खोडतील?"

मी तिला चिठ्ठीचं सांगितलं. नोटीस, नियम, सगळं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमच्यात परक्याच्या दारी असं एकटं नाय जात, मॅडम. पोरीची जात तर नायच. वडीलधाऱ्याचा शब्द घेऊन जातात. तसंच गेलं तर समोरचा म्हणंल, पोर घरातून पळून आली, हिच्या मागं कोण नाय. तो काका शिकलेला आहे म्हणून तो लिहून देतो. तेवढंच. तो कोण पुढारी हाय काय?"

ती झाडू घेऊन गेली. मी ट्रेमधून तो कागद काढला. वहीचं पान होतं, अक्षर सावकाश काढलेलं. लिहिलं होतं: "ही आमच्या पाड्यातली मुलगी आहे. घरी सांगून येत आहे. तिच्यासाठी मी काही मागत नाही. काम जमलं तर ठेवा. नाही जमलं तर नीट बोलून परत पाठवा."

मी ते तीन वेळा वाचलं. मला इतकी लाज वाटली की दाराला कडी घालून बसले. त्या माणसाने एकच गोष्ट मागितली होती, नीट बोलून परत पाठवा, आणि मी नेमकं तेवढंच केलं नव्हतं.

मग डोक्यात दुसरा किडा वळवळायला लागला. प्रियंकाने पेडल कुठे आहे ते विचारलं नव्हतं. बाकीच्यांनी आधी टेबलाखाली वाकून बघितलं होतं, तिचा पाय मात्र सरळ पेडलवर गेला होता. काल मला ते दिसलं होतं, पण लक्षात आलं नव्हतं. मी पॅकिंगच्या बायकांना सहज विचारलं. त्या सहज म्हणाल्या, हो, गेले चार दिवस जेवणाच्या सुट्टीत दादा तिला पेडलच्या मशीनवर बसवत होते. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. आणि त्याच दादांना मी परीक्षक म्हणून शेजारी बसवलं होतं.

तेव्हा मला माझ्या नोटिशीचं खरं रूप दिसलं. ज्याचा माणूस आत बसलाय त्याला चिठ्ठी लागतच नाही. चिठ्ठी त्याला लागते ज्याचं आत कोणी नाही. माझ्या नियमाने आतल्यांना दार उघडं ठेवलं आणि बाहेरच्यांच्या तोंडावर आपटलं. वर मी छाती फुगवून फिरत होते.

मी विलासदादांना बोलावून विचारलं. ते जराही लपवालपवी न करता म्हणाले, "घरच्या पोरीला चार दिवस शिकवलं. गुन्हा केला काय?"

मी म्हटलं, शिकवलं त्याचं काही नाही. शिकवून परत परीक्षक म्हणून बसलात, ते चुकलं. आणि बसवलं मी, म्हणजे चूक माझी जास्त. परीक्षा परत घ्यायची आहे.

दादांचा चेहरा पडला. म्हणाले, "वीस वर्षांत एक गोष्ट मागितली नाय मी या फॅक्टरीकडे. आताही नाय मागितली. पोरगी सतरा काढून आली ना?" मला त्यांचं वाईट वाटलं. माणूस खोटा नव्हता. प्रियंकाचे वडील नाहीत, तिच्या आईचं घर दादांच्याच आधारावर चालतं, हे मलाही माहीत होतं. पण तेवढ्यासाठी दुसरीची जागा तिला द्यायची, तर मग त्या पुढाऱ्याच्या माणसात आणि यात फरक काय राहिला? मी तसं बोललेही. ते उठून गेले.

आता शेठ. शेठ म्हणजे व्यवहाराला पक्का आणि भांडणाला भिणारा माणूस. त्यांनी सगळं ऐकलं आणि हात जोडले. "रजनीबेन, शांती राखा ना. विलास रुसला तर टाकी कोण बघणार? लेटर टाइप झालं आहे, सही करतो, विषय संपला. तुमचाच नियम, तुम्हीच मोडणार?"

मी म्हटलं, "शेठ, नियम चुकला. मी चुकले. लेटरवर सही केलीत तर सतरा पकडणारी येईल आणि चोवीस पकडणारी घरी बसेल. पुढचे कार्टन परत आले की मला फुगा धरून बसवू नका."

कार्टनचं नाव काढल्यावर शेठ विचारात पडले. मग विचारलं, कसं करायचं म्हणता? मी सांगितलं. परीक्षा सगळ्या नऊ जणींची परत. नावं नाहीत, फक्त नंबर. त्याआधी सगळ्यांना मशीनवर एकेक तास बसायला द्यायचं, म्हणजे कोणी शिकून आली असली तरी फरक पडणार नाही. फुगे शेठनी स्वतः मिसळायचे. विलासदादा खोलीत नकोत.

"आणि तुम्ही?"

"मीही नको. मला आता संगीता यावी असं वाटतंय. म्हणजे माझंही माप वाकडं झालं."

शेठ हसले. म्हणाले, म्हणजे सगळं कामच माझ्यावर. पण लेटर त्यांनी फाडलं.

संगीताला फोन नव्हता. तिच्या बापाचं दुकान तलासरी नाक्याच्या पुढे, हायवेला लागून होतं. निरोप धाडता आला असता, पण अपमान मी समोर केला होता, तर माफीही समोर जाऊनच मागायला हवी होती. मी बसने गेले. ट्रकच्या जुन्या टायरांच्या मधे पत्र्याची टपरी. संगीता एका मोटरसायकलची ट्यूब काढत होती. मला बघून तिने हात पुसले, बसायला स्टूल दिलं आणि पाण्याचा तांब्या आणला. आदल्या दिवशी मी तिला काय काय बोलले होते, आणि ही मला पाणी देत होती.

मी सांगितलं, माझं चुकलं. चिठ्ठी मी न वाचताच तुझं नाव खोडलं. परीक्षा परत आहे, ये.

तिच्या बापाने हातातलं काम थांबवलं. संगीता खाली बघत म्हणाली, "मॅडम, परत खोडलं तर? पाड्यात मी आता काय सांगणार?"

मी एवढंच म्हटलं की या वेळी पेन माझ्या हातात नसेल. आणि चिठ्ठी लिहिणाऱ्या काकांना भेटायचंय मला. ती मला घेऊन गेली. काका वयस्कर, अंगात बनियन, अंगणात मिरच्या वाळत घालत होते. चार बायका, दोन म्हातारे बाजूला येऊन उभे राहिले. मी सगळ्यांच्या देखत काकांना सांगितलं, तुमच्या मुलीने काही केलेलं नाही, ती पहिली आली होती, चूक फॅक्टरीची आणि माझी होती. काका म्हणाले, "चूक कोणाची पण होते. तुम्ही इथवर आल्या, झालं." मग संगीता म्हणाली, येते.

शनिवारी परीक्षा झाली. आठच मुली आल्या, एकीला दुसरीकडे काम मिळालं होतं. मी आणि विलासदादा शेडच्या बाहेर, एका बाकाच्या दोन टोकांना. दादा तंबाखू मळत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. आत काय चाललंय त्याची दोघांनाही सारखीच घाई.

तासाभराने शेठचा चढलेला आवाज आला. "हे कसं काय? चार नंबर, हे फुगे का काढले?" आम्ही दोघं दारात जाऊन उभे राहिलो. चार नंबरच्या टेबलावर संगीता होती. शेठनी मिसळलेले वीस खराब तिने बाजूला काढले होते, एकही सुटला नव्हता. शिवाय आणखी नऊ. शेठ वैतागले होते, कारण चांगले फुगे त्यांनी कुठून आणले होते, तर सोमवारी जाणाऱ्या तयार मालातून. पॅक झालेला, जुन्या चेकरने जाण्याआधी शिक्का मारून ठेवलेला माल. त्यात नऊ खराब म्हणजे शेठच्याच मालाला नावं ठेवल्यासारखं झालं.

संगीताचा चेहरा उतरला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड घट्ट मिटून घेतलं. आयुष्यात मला ते क्वचितच जमलंय.

ती हळू आवाजात म्हणाली, "शेठ, तुम्हीच लावून बघा गालाला."

शेठनी एक फुगा फुगवला आणि गालाजवळ धरला. काही कळलं नाही. तिने फुगा थोडा फिरवून परत धरायला सांगितलं. शेठ एकदम थांबले. दुसरा घेतला, तिसरा घेतला. नऊच्या नऊ तपासले. मग खुर्चीत बसले आणि पहिल्यांदा काय बोलले असतील, तर, "विलास, सोमवारचा माल थांबव."

मग विलासदादा आत आले. त्यांनी त्यातला एक फुगा हातात घेतला, उजेडासमोर धरला, ताणला, गालाला लावला. टाकीतल्या रसात बुडबुडे राहत होते, आणि टाकी त्यांची होती. इतके दिवस चेकरच झोपलेला, म्हणून त्यांच्यापर्यंत कोणी ते पोचवलंच नव्हतं. ते संगीताला म्हणाले, "भोकं सगळी बुडाकडेच आहेत काय गं?" ती म्हणाली, बहुतेक बुडाकडेच. "म्हणजे साचे फार जोरात बुडतायत," दादा म्हणाले आणि तसेच टाकीकडे चालू लागले. पुतणीचे किती आले ते त्यांनी विचारलंसुद्धा नाही. अठरा आले होते. दुसरा नंबर.

संगीताचं लेटर शेठनी त्याच दिवशी सही करून दिलं. तिने ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं आणि विचारलं, हे घरी न्यायचं ना? मी म्हटलं, घरी ने आणि पाड्यात सगळ्यांना दाखव. लखमीमावशीने त्या दिवशी माझं टेबल दोनदा पुसलं.

नोटीस मी स्वतः फाडली. नवीन लावली नाही. त्याऐवजी एक पद्धत बसवली. चिठ्ठी कोणीही आणावी, ती एका डब्यात पडेल आणि निकाल लागल्यावरच उघडेल. परीक्षेत नावाऐवजी नंबर. उमेदवारांत ज्याचं कोणी असेल त्याने आधी सांगायचं आणि बाहेर बसायचं. पुढच्या वर्षी प्रिंटिंगला जागा निघाली. प्रियंका त्याच पद्धतीने बसली आणि पहिली आली. पहिल्या परीक्षेनंतर विलासदादा माझ्याशी पावणेदोन महिने बोलले नव्हते. तिचं लेटर घ्यायला स्वतः आले, पेढे घेऊन. म्हणाले, "मॅडम, आता कोणी म्हणू शकणार नाय की काकानं लावली."

अठरा साल संपता संपता ऑर्डरी वाढल्या आणि दुसऱ्या चेकरची जागा निघाली. तोवर संगीता लाइनवरची मुख्य झाली होती. फुगे मिसळायचे तिने आणि परीक्षा घ्यायची तिने, असं ठरलं. या वेळी मुलगेही बसले होते, आणि त्यांत माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा चेतन होता. आयटीआय झालेला, दोन वर्षं घरी बसलेला. बहीण रोज फोन करायची. मी तिला सांगून टाकलं होतं की मी काही करणार नाही. पण खरं सांगते, परीक्षेच्या दिवशी मी काहीतरी कागद शोधायच्या निमित्ताने शेडमध्ये गेलेच, आणि तिथेच रेंगाळले. चेतन माझ्याकडे बघत होता. मला वाटत होतं, मी नुसती उभी आहे, त्याने काय होतं?

संगीता उठून माझ्याजवळ आली. बाकीच्यांना ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमचं कोणी असलं तर तुम्ही बाहेर बसायचं ना?"

कान गरम झाले माझे. पण काय बोलणार! बाहेर गेले आणि त्याच बाकावर बसले. चेतनने तेरा काढले. जागा मिळाली गंजाडच्या एका मुलीला, तिचे एकोणीस. बहीण माझ्याशी बोलेनाशी झाली. पुढच्या वर्षी तिच्या घरचा गणपती आला आणि गेला, मला बोलावणं नाही. चेतनला पुढे वापीला काम लागलं, तरी तिचा राग काही गेला नाही.

मला नवीन एचआरवाली पोरं विचारतात, मॅडम, निवड निष्पक्ष झाली हे ओळखायचं कसं? ती फॉर्म काढतात, मार्कांचे रकाने काढतात. काढावेत. मी मात्र एवढंच बघते की घरचं कोणीतरी आपल्यावर रुसलंय की नाही. सगळेच खूश असतील तर फाइल परत उघडावी.